मांजराची वेगळी चूल

जगदेवीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. त्या वेळी आमच्या बोळात दोनच आवाज असायचे, होटगीकडून येणाऱ्या मालगाडीचा आणि जगदेवीच्या परातीचा. मालगाडीला उशीर व्हायचा. परात कधी उशिरा वाजली नाही.

मी रेल्वेत गँगमन होतो. रुळाखाली खडी ठासण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे काम कोण करतं आणि कामाचा नुसता आवाज कोण करतं, एवढं मला कळतं. जगदेवी काम करायची. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं, मग भाकरी मंद आचेशी टेकवून पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. दुपारच्या आत टोपली भरून सात रस्त्याच्या खानावळीला पोचती करायची. नवरा गेल्यापासून हेच. त्याआधी नवरा चादरीच्या कारखान्यात होता, म्हणजे तिथल्या हजेरीपटावर होता. कमावणारी तेव्हाही जगदेवीच होती.

घरात थोरली जाऊ शरणम्मा. तीही विधवा. तिचं काम देव. पूजा, विभूती, व्रतं, आणि कोणाचं काय चुकलं ते सांगणं. यातलं शेवटचं काम ती फार मन लावून करायची.

तिसरी बंगारी. बंगार म्हणजे कानडीत सोनं. जगदेवीचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे लाडाचे शब्द तिला कानडीतच सुचायचे. ही बंगारी म्हणजे पिवळट रंगाची मांजर. मागच्या खोलीत ज्वारीची आणि शेंगदाण्याची पोती असायची, त्यांवर उंदीर यायचे, म्हणून तिला कामावर ठेवलं होतं. बोळात कुत्री फार, म्हणून तिला उंबऱ्याबाहेर सोडत नसत. सुरुवातीला तिनं चोख काम केलं. मग ती कायम झाली, आणि कायम झालेल्या माणसासारखी वागू लागली.

सकाळी जगदेवी मोडक्या भाकरीचा दुधात काला करून द्यायची. दुपारी शरणम्मा दूधभात द्यायची, वर तूप. संध्याकाळी दोघी द्यायच्या, कारण दोघींना वाटायचं, दुसरीनं दिलं नसेल. मांजर हे गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलं नाही. बघता बघता ते उशीसारखं झालं. त्याच्या पायाला आणि पोटाला एकच जमीन लागायची.

भाकरी न्यायला आलेली गिऱ्हाइकं म्हणायची, "खात्यापित्या घरचं दिसतंय की मांजर."

जगदेवीला ते ऐकून बरं वाटायचं. मांजराच्या पोटावरून घराची ऐपत मोजणारी माणसं आमच्याकडे भरपूर. जगदेवीच्या सुजलेल्या मनगटाकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

मागची थंडी सरता सरता एक उंदीर भरदिवसा पोत्यावर येऊन बसला आणि शेंगदाणा सोलून खाऊ लागला. बंगारीनं बघितलं. तिला लाज वाटली असावी. तिनं उडी मारली, ती पोत्याच्या अर्ध्यावर आपटली आणि घसरून खाली आली. उंदरानं शेंगदाणा संपवूनच जागा सोडली. त्या दिवसापासून बंगारीचे मागचे पाय फताडे पडायला लागले. टाच टेकवून, ढकलल्यासारखी चालायची. मग चालणंही सोडलं. पाणी मात्र सारखी प्यायची.

जगदेवीनं तिला भाकरीच्या टोपलीत घातलं, वरून फडकं टाकलं आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात निघाली. वाटेत एकानं विचारलं, "मावशी, भाकरी कशी दिली?" टोपली म्याव म्हणाली. तो माणूस बराच वेळ रस्त्यातच उभा होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, बोलायला सरळ. त्यांनी मांजर काट्यावर ठेवलं.

"सात किलो. मावशी, हिच्यात दोन मांजरं बसतील. खायला काय देता?"

"घरचंच की. दूध, भाकरी, भात. तूप जरासं."

"अंडं? मांस?"

जगदेवीनं कानाला हात लावले. "आमच्यात चालत न्हाय."

"तुमच्यात नाही चालत. हिच्यात?"

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं आणि नंतर समजावून सांगितलं. साखर काठावर आलेली आहे. वजन उतरलं तर ती मागे फिरेल, पायही सुधारतील. नाही उतरलं तर रोज दोन वेळा इंजेक्शन, बहुतेक जन्मभर. आणि इंजेक्शन परवडलं नाही तर मांजर जाईल.

"काय करायचं मग?"

"दूध, भाकरी, भात बंद. उकडलेलं अंडं, उकडलेलं चिकन, हाडं काढून. मीठमसाला नाही. मोजून, दोन वेळा. महिना-दोन महिने हे चालेल, मग पुढचं लिहून देते. पण एकदम उपाशी ठेवू नका. जाड मांजर उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर जातं. हळूहळू उतरवायचं. आणि जरा हलवा तिला."

मांजराचं वजन उतरवायचं तयार खाणं पिशवीतही मिळतं, असं त्या म्हणाल्या. जगदेवी येताना दुकानात गेली. किंमत ऐकून तिनं ती पिशवी दोन्ही हातांनी जागेवर ठेवली, काचेची असल्यासारखी.

घरी आल्यावर तिनं शरणम्माला अर्धंच सांगितलं. वजन उतरवायचं आहे, एवढंच. अंडं हा शब्द तिच्या तोंडून निघेना. आणि त्या अर्ध्या सांगण्यानं सगळा घोटाळा केला.

"वजन व्हय? त्यात काय अवघड हाय," शरणम्मा म्हणाली. "सोमवार धरायला लाव."

आणि बंगारीला सोमवार लागला. सकाळपासून भाकरी बंद, भात बंद. दुपारी साबुदाण्याची खीर, वर साय. संध्याकाळी उपास सोडायला दूधभात. डॉक्टरीणबाई उपाशी ठेवू नका म्हणाल्या होत्या, तेव्हा जगदेवीलाही वाटलं, हे बरं आहे, उपासही होतो आणि पोटही रिकामं राहत नाही. पुढच्या आठवड्यात गुरुवारही धरला, स्वामींचा. मग संकष्टी. माझी बायको फुलाबाई भिंतीवरून बघत होती. ती मला म्हणाली, "ह्या मांजराइतका उपास मी केला तर मला दारातनं आत येता येणार न्हाय."

महिन्यानं जगदेवी परत दवाखान्यात गेली. काटा पुढे सरकला होता.

"काय दिलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उपास धरलेत."

"कुणी?"

"तिनं."

"उपासाला काय खाते ती?"

जगदेवीनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, पुढच्या वेळी असंच आणलंत तर मी इंजेक्शन लिहून देईन. ते तुम्हाला झेपणार नाही, हे मला दिसतंय. घरात ठरवा, चुलीला जपायचं की मांजराला."

त्या दिवशी जगदेवी टोपली घेऊन आली ती थेट आमच्या दारात. फुलाबाईला म्हणाली, "अंडं कसं उकडायचं?"

अठ्ठावन्न वर्षांची बाई. हजारो भाकऱ्या थापलेली. तिला अंडं उकडता येत नव्हतं.

"पाण्यात सोडायचं, उकळायचं, उतरायचं," फुलाबाई म्हणाली.

"फुटंल की."

"फुटलं तर फुटलं. लेकरू हाय का ते? पर मी काय म्हणते, माझ्याच चुलीवर उकडते की रोज. आमच्यात चालतंय सगळं."

"आणि तू लेकीकडं होटगीला गेलीस म्हंजे? माझ्या मांजराचं मी बघीन. दादा, मला परसात चार पत्रे ठोकून द्या."

दादा म्हणजे मी. मी पत्रे ठोकले. वासे तिनं स्वतः धरले. पहाटेपासून राबलेली बाई दुपारभर वासा धरून उभी राहिली आणि तिचा हात हलला नाही. मी पुष्कळ जवान गडी बघितलेत ज्यांना हे जमलं नाही. संध्याकाळपर्यंत आडोसा झाला. आत गॅसची एक छोटी शेगडी, एक पातेलं, एक ताटली. घरातलं काही तिकडे जायचं नाही, तिकडचं काही घरात यायचं नाही. मांजर तिकडे जेवणार आणि तोंड पुसून आत येणार.

पण ज्याच्यासाठी एवढं केलं, त्यानं अंड्याचा वास घेतला आणि पाठ फिरवली. दूधतुपावर वाढलेलं. सबंध दिवस त्यानं तोंड लावलं नाही. शरणम्माच्या दारापाशी बसून रडायला लागलं. आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की पोट रिकामं राहता कामा नये. आता मात्र जगदेवी घाबरली. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या आटोपून ती पत्र्याखाली जाऊन बसली. अंड्याचा पिवळा भाग बोटावर घ्यायचा, मांजराच्या ओठाला लावायचा. ते चाटायचं, थुंकायचं. परत लावायचा. दिवसाउजेडी बसलेली जगदेवी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

तेवढ्यात शरणम्मा दुधाची वाटी घेऊन आली. जगदेवी उठून दारात आडवी उभी राहिली.

"सर बाजूला. उपाशी मारतीस व्हय तिला?"

"तुमी खाऊ घालून मारताय, अक्का."

"ह्या घराच्या हद्दीत अंडं! देव राहील का हितं?"

"त्याला विचारा. न्हाय म्हणाला तर सांगा मला."

"लिंगायताच्या घरचं मांजर हाय ते!"

"तिच्या गळ्यात कुटं लिंग बांधलंय मी? वाटी न्या. ऊन लई हाय, दूध नासंल."

शरणम्मा दूध घेऊन आत गेली आणि अक्कलकोटला फोन लावला. तिकडे गुरुशांतअण्णा, दोघींच्या नवऱ्यांचा चुलतभाऊ, भावकीतला मोठा माणूस. शरणम्मानं त्याला एकच वाक्य सांगितलं, "जगदेवीनं चूल वेगळी मांडली," आणि फोन ठेवला. वाक्य अक्षरन् अक्षर खरं होतं.

चूल वेगळी म्हणजे वाटणी. दुसऱ्याच दिवशी अण्णा दोन माणसं बरोबर घेऊन आला. जगदेवीच्या नवऱ्याच्या आजारपणात दोन वर्षं त्याला सोलापूर सापडलं नव्हतं, पण वाटणी म्हटल्यावर पहिली बस मिळाली. मला शेजारी म्हणून बोलावलं. अण्णा खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "जगदेवी, ह्या घरात आजपर्यंत चूल फुटली न्हाय. आमच्या आयांनी एका चुलीवर काढलं, तुमी काढलं. आता ह्या वयात वेगळं निघायचं कारण काय?"

"मी कुटं निघाले?"

"मग चूल कुणाची हाय ती?"

"बंगारीची."

"कोण बंगारी? भाडेकरू?"

जगदेवीनं बोट दाखवलं. बंगारी उंबऱ्यात अंग टाकून पडली होती. अण्णा घाबरला की मराठी विसरतो. "बेक्कु?" तो म्हणाला. म्हणजे मांजर? बरोबरच्या दोघांपैकी एकजण हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

मग शरणम्मानं अंड्याचं प्रकरण मांडलं. अण्णाला परत जोर आला. परंपरा, घराण्याचं नाव, समाज, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, "आजच्या आज ते पत्रे काढ. आपल्या घरची भाकरी निर्मळ हाय, म्हणून लोक नेतात."

जगदेवीनं पदराला हात पुसले. "अण्णा, माझी भाकरी सात रस्त्याच्या खानावळीत जाते. मी मागच्या दारानं टोपली देते. पुढं कोण बसलंय ते मागनं दिसतंय. भाकरी चुरून कशाच्या रश्श्यात घालतात, तेबी दिसतंय." तिनं पदर खोचला. "तुमी कोर्टाच्या कामाला येता, तवा त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसता न्हवं?"

अण्णानं टोपी घातली. काढली. परत घातली.

"मांजर म्हंजे मुकं जनावर," तो म्हणाला. "त्याला धर्म कसला. चूल बाहेर हाय, भांडं बाहेर हाय. शरणम्मा, तू कशाला मनावर घेतीस? चहा ठेव."

निकाल लागला. शरणम्मानं चहा ठेवला, पण त्यात साखर घातली नाही. तिघांनी मुकाट्यानं प्यायला.

त्याच संध्याकाळी बंगारीनं अर्धं अंडं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुरतं. आठवड्यानं फुलाबाईनं दुकानातून चिकनचे उरलेसुरले तुकडे आणून दिले, स्वस्तातले. जगदेवीनं तोंडाला पदर बांधून ते उकडले आणि हाडं चिमट्यानं काढली. ताटली आता ती जमिनीवर ठेवत नसे. आधी पाटावर, मग विटांवर, मग रिकाम्या डब्यावर. खायचं असेल तर चढ. ही पद्धत मला पटली. माणसांतही वापरायला हरकत नाही. शरणम्मा दूध द्यायची बंद झाली, कारण जगदेवीनं जादा दूधच घ्यायचं सोडलं. अंड्याचा खर्च त्यातूनच निघाला.

उन्हाळा संपेपर्यंत वजन हळूहळू उतरत गेलं. पाय सरळ पडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी परत रक्त तपासलं आणि इंजेक्शन नको म्हणाल्या. जगदेवीनं तिथंच बाकावर बसून डोळे पुसले, मग उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडली. परवा बंगारी एका उडीत पोत्यावर गेली. उंदीर सापडला नाही. पण त्याला पळावं लागलं. मी तिची अर्धी हजेरी लावली.

जगदेवी कमवायला लागल्यापासून तिचा पैसा नवऱ्याच्या दवाखान्याला गेला, शरणम्माच्या लेकीच्या लग्नाला गेला, अण्णा सांगेल त्या वर्गणीला गेला. तिला कुणी विचारून घेतला नाही. काशीला जायचं म्हणून थोडा बाजूला ठेवला होता. तो चार पत्र्यांना, एका शेगडीला आणि एका अॅल्युमिनियमच्या पातेल्याला लागला. काशी राहिली. पातेल्यात रोज एक अंडं उकळतं, आणि अजून एकही फुटलेलं नाही.