अप्पांच्या श्वासाशेजारी बावीस वर्षं

पाथरीहून राणीसावरगावला येऊन मी किराणा दुकान टाकलं, त्या पहिल्याच आठवड्यात नागनाथअप्पा गुरव खोबरेल तेल घ्यायला आले. सनईच्या लाकडाला ते तेल लावतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शेजारी पिठाची गिरणी चालू होती आणि तिच्या आवाजात आवाज मिसळून मी काहीतरी गुणगुणत पुडी बांधत होतो. अप्पा तेल घेऊन निघाले, पायरीवर थांबले आणि म्हणाले, "गिरनीचा सूर चांगला धरलास की रे. संध्याकाळी महादेवाच्या देवळात ये." मी गेलो. त्यांनी माझ्या हातात सूर दिला. सूर म्हणजे सनईसारखंच वाद्य, पण त्यातून एकच स्वर अखंड काढायचा आणि मुख्य सनईला आधार द्यायचा. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. दुकानदाराला एकच सूर जमतो, दुसरा लावायला गेला की भाव चुकतो, अशी थट्टा अप्पा अजून करतात. करत असत, असं लिहायला हवं. त्याबद्दल पुढे सांगतो.

अप्पांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात त्यांच्या वादनाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मला रागांची नावं नीट येत नाहीत. मला अप्पांचा श्वास तेवढा कळतो. दर सोमवारी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर आम्ही खांद्याला खांदा लावून बसायचो. अप्पा दम घ्यायचे तेव्हा माझा सूर चालू असला पाहिजे आणि मी दम घ्यायचो तेव्हा अप्पांची सनई भरून वाहती पाहिजे, एवढाच आमचा करार होता. साठी उलटल्यावर त्यांचा दम आखूड झाला. मग ते ओळीच्या अधेमधे श्वास घेऊ लागले, आणि तोही कसा, तर दारात पाहुणा दिसल्यावर माणूस "अरे" म्हणतो तसा, ऐकू येईल इतका. ऐकणाऱ्यांना ती खास जागा वाटे. "वा" म्हणून मान हलवणारे लोक मी पाहिले आहेत. ते म्हातारपण होतं, हे फक्त मला माहीत होतं.

त्यांच्या मोठेपणाचा अनुभव मला स्वतःला आला तो दातामुळे. माझे पुढचे दोन दात पडले आणि चार महिने मला सूर धरता येईना, तोंडातून नुसता वारा जाई. गावात दुसरे फुंकणारे होते. त्यांतला एक तर आपण होऊन आला होता. अप्पांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. चार महिने ते एकटे वाजवत राहिले आणि शेजारची बसायची पट्टी रिकामी ठेवली. मी म्हटलं, "अप्पा, बसवा की कुनाला तरी, लोक नावं ठेवायलेत." तर म्हणाले, "बसवंता, ती जागा तुझी हाय. भरून काढायला ते काय खड्डा हाय व्हय?" नवे दात बसल्यावर पहिल्या सोमवारी मी त्या पट्टीवर बसलो तेव्हा मला रडू आलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. संपादक मंडळानं "प्रसन्न आठवणी द्याव्यात" असं कळवलं आहे. त्यांनी मला क्षमा करावी.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी माझ्या दुकानातल्या टीव्हीवर एक पुरस्कार सोहळा लागला होता. आमची नेहमीची मंडळी जमली होती. संबळ वाजवणारे शेषेराव होते, पेटी वाजवणारे कदम सर होते. अप्पा एरवी टीव्हीसाठी थांबत नाहीत. त्या दिवशी मात्र ते धुतलेलं धोतर आणि कोरी टोपी घालून आले आणि गव्हाच्या पोत्यावर समोरच बसले. मी विचारलंसुद्धा, "अप्पा, आज कुनाचं लगीन हाय?" ते नुसते हसले.

रंगमंचावर धूर सुटला, नाचणाऱ्या मुली आल्या आणि मधोमध एक देखणा तरुण सनई घेऊन उभा राहिला. सनई इतकी चकचकीत की कधी तेल प्यालेली नसावी. सूर मात्र सणसणीत होता. झालं, आमची मंडळी पेटली.

"बोटं बघा त्याची," शेषेराव म्हणाले, "सगळी भोकं झाकलीत अन् आवाज वरचा यायलाय. हा नुसता धरून उभा हाय. वाजवनारा दुसरा हाय कुनीतरी."

"कुणीच नाही," कदम सर म्हणाले. "कीबोर्डावर सनईचं बटण असतं. दाबलं की झालं."

"बटनातून असली मींड येती का सर? खरी सनई हाय ती."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं सनईला चिकटून बसलेला माणूस मी, निकाल माझ्याकडेच येणार. मी डोळे मिटून ऐकलं. आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "मानूस न्हाईच हे. मानसाला दम लागतो. इतका येळ झाला, ह्यानं एकदा तरी श्वास घेतला का? मशीन हाय. मढ्याचा आवाज हाय, मढ्याचा."

सगळे हसले. अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "असंल," म्हणाले, आणि टोपी सारखी करून निघून गेले. चहा अर्धा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. अप्पा देवळात आले नाहीत. त्याच रात्री त्यांच्या लेकीचा पुण्याहून मला फोन आला. "काका, ऐकलं का टीव्हीवर अप्पांचं वाजवणं? तुम्हा सगळ्यांसोबत बसून बघायचं म्हणत होते. कुणाला आधी सांगू नको, म्हणाले होते."

लेकीकडे गेले असताना एका स्टुडिओत अप्पांनी वाजवलं होतं. त्या तरुणाच्या हातातली सनई मुकी होती. आवाज अप्पांचा होता.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो आणि पाय धरले. अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तू खोटं कुटं बोललास? काचेआडचा मशीनवाला म्हनला, आजोबा, तुमचा श्वास लय ऐकू यायलाय, पुसून टाकू का? म्या म्हनलं पूस बाबा, तुला कळतंय. टीव्हीवर लागलं तवा मलाबी दोन घडी कळंना, कोन वाजवायलंय म्हून." मग म्हणाले, "पर तू शेजारी बसतोस, बसवंता. मला वाटलं, तू तरी वळखशील. तुलाबी वळखू आलं न्हाई म्हंजी त्यात मी न्हवतोच."

त्या दिवसापासून अप्पांनी सनई ओठाला लावलेली नाही. पिशवीत घालून ती त्यांनी खुंटीला अडकवली आहे. तेलही न्यायला येत नाहीत. गावाला वाटतं, वय झालं. वय झालं नाही. मी बोललो, म्हणून हे झालं. आज मी ते छापील अक्षरांत कबूल करतो.

आणि म्हणून सत्कार समितीला हात जोडून माझी एक विनंती आहे. तो आवाज अप्पांचा होता हे पुढे सगळ्यांना कळलं, म्हणून सोहळ्यात मोठ्या पडद्यावर टीव्हीचा तोच कार्यक्रम दाखवायचं आपण ठरवलं आहे. आपला हेतू चांगला आहे, पण कृपा करून तो दाखवू नये. ज्यातून अप्पांना काढून टाकलं, ते अप्पांच्याच समोर त्यांचं म्हणून लावू नये.

मी दर सोमवारी देवळात जातो. शेजारची पट्टी मोकळी ठेवून एकटाच सूर फुंकतो. मला दम लागला की सूर तुटतो, कारण झाकून घ्यायला सनई नसते. पोरं हसतात. कदम सर म्हणाले, विजेवरची सूरपेटी आणा, ती तुटत नाही. मी नाही म्हटलं. सूर तुटतो ती जागा अप्पांची आहे, आणि तो खड्डा नाही. गेल्या महिन्यापासून अप्पा खालच्या पायरीवर येऊन बसतात. माझा सूर तुटला की एकदा मान वर करून बघतात आणि पुन्हा खाली घालतात.

अप्पांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, असं या अंकात सगळेच लिहितील. मीही तेच मागतो. फक्त महादेवाजवळ माझं मागणं थोडं वेगळं आहे. अप्पा शंभर वर्षं जगोत, आणि त्यातल्या एखाद्या तरी सोमवारी वाजवता वाजवता ओळीच्या मधेच त्यांना दम लागो, सगळ्या देवळाला ऐकू जाईल इतका. मी शेजारी असेन. या खेपेला ओळखीन.