बिब्ब्याचा नसलेला डाग

डॉक्टर माधवी यांचा मी सगळ्यात जास्त ऋणी आहे, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. पुढचं वाचून कुणी म्हणेल, त्यांच्या हातून तर अर्धंच वाचलं. ते खरं आहे. तरीही मी हेच म्हणेन.

आदिलाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात माझी बायको रेखा खाटेवर होती. तिला पाचवा महिना चालू होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळे अर्धे मिटलेले. ताप उतरत नव्हता आणि कशाचा ताप आहे हे कुणी सांगू शकत नव्हतं. माधवी मॅडमनी हिरवा पडदा ओढून घेतला, माझ्या आईला आत ठेवलं आणि मला बाहेर उभं केलं. आतलं बोलणं मला ऐकू येत होतं, मॅडमचं हिंदीत, आईचं मराठीत.

"अम्मा, ये काला काला क्या है?"

"बिब्बा हाय, बाई."

"बिब्बा मतलब?"

"घ्या! येवढी डाक्टरीन झाली अन् बिब्बा ठाऊक नाई? गाठ आली, अंग दुखलं, का तापवून लावते."

"कहाँ कहाँ लगाया, हाथ रखके दिखाओ."

"ह्या गाठीवर. अन् इथं, पाठीवर."

"और ये वाला?"

आईच्या बांगड्या वाजल्या; ती वाकून बघत असावी. मग आईचा आवाज आला, पण आधीसारखा ठसक्याचा नाही. "ह्यो? ह्यो मी नाई लावला. नाड्याखाली कोन बिब्बा लावते? घासून घासून चामडी सोलून निघन."

मॅडमनी तो डाग दाबून पाहिला असावा. रेखाला विचारलं, दुखतं का? रेखाची मान नुसती इकडून तिकडे हलली, असं आईनं नंतर सांगितलं. बिब्बा उतला, फोड आला की माणूस कपडासुद्धा टेकू देत नाही. हा डाग दुखत नव्हता.

मॅडम बाहेर आल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "गजानन, हे टायफॉइड नाही. मला स्क्रब टायफस वाटतोय." खाटेजवळच बोटातून रक्त काढून त्यांनी तपासणीच्या पट्टीवर टाकलं. पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे तोच आजार.

स्क्रब टायफस म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं. गवतात, झुडपात डोळ्याला न दिसणारे बारीक किडे असतात. त्यांचं पिल्लू अंगाला चिकटतं, काखेत, जांघेत, कमरेला, जिथे कपडा घट्ट बसतो तिथे. चावलेलं समजत नाही. तिथे पुढे काळी खपली धरते, जणू कुणी बिडीचा चटका दिला. तिला एस्कार म्हणतात. जवळची गाठ सुजते आणि ताप चढतो. नाव टायफॉइडसारखं असलं तरी टायफॉइडशी त्याचं काही नातं नाही, आणि टायफॉइडचं नेहमीचं इंजेक्शन त्याच्यावर चालत नाही.

आता सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात आहे; तिथे घरोघर मराठीच बोलतात. शेतात कापूस आणि ज्वारी. घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि इचोड्याच्या एका खाजगी शाळेत शिकवतो. पाऊस उघडल्यावर रेखा शेळ्यांसाठी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत कापून आणायची. गवताचा भारा कमरेला टेकवून चालायची तिची सवय.

आधी डोकं दुखलं, मग थंडी वाजून ताप आला. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, सलाइन लावली. मलेरियाची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. डेंग्यूच्या तपासणीतही नाही. मग विडाल नावाची तपासणी झाली. रक्तात टायफॉइडविरुद्धची द्रव्यं दिसतात का, ते ही तपासणी पाहते. पण ती पुष्कळदा उगीचच हो म्हणते, हे मला फार नंतर समजलं. डॉक्टर मला म्हणाले, "सर, तुमी तर डिग्रीवाले. वाचा तुमीच. टायफाइड लिवून आलं." मी वाचलं. तापाला नाव मिळालं म्हणून आम्हाला उलट बरंच वाटलं.

इंजेक्शनं सुरू झाली. ताप दुपारी जरा उतरायचा आणि दिवे लागायच्या वेळी पुन्हा चढायचा. तिच्या जांघेत गाठ आली. आईनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि तेल सुटल्यावर गाठीवर टेकवला. कंबर दुखते म्हणाली म्हणून पाठीवरही लावला. "दोन जिवाची हाय, दवाया किती खाईन?" असं तिचं म्हणणं. आमच्याकडे हे घरोघर चालतं. त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही.

रेखाला धाप लागली तेव्हा गाडी करून आदिलाबादला नेलं. तिथे पहिल्यांदा ज्या डॉक्टरांनी तपासलं ते याच भागातले, हुशार आणि कामाचे. कमरेवरची साडी सरकवली, काळे डाग पाहिले आणि विचारायच्या आत आई म्हणाली, "बिब्बा हाय." त्यांनी मान हलवली. बिब्बा त्यांना लहानपणापासून माहीत. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या डॉक्टरांनाही माहीत होता. प्रत्येकाला आई तेच सांगत होती आणि प्रत्येकजण पुढे जात होता.

त्या दिवसांत पोटाची सोनोग्राफी झाली. मशीनमधून बाळाच्या छातीचे ठोके ऐकवले. आई इतक्या काळजीतही हसली. "फटफटीवानी पळून राह्यलं बाई," म्हणाली. रेखाच्या ओठांवरही काहीतरी हललं. मी ते हसू धरतो.

माधवी मॅडम त्या वॉर्डाच्या नव्हत्या. हैदराबादहून आल्या होत्या. ज्या तापाचं कारण सापडत नाही, त्याचा अभ्यास त्यांचा गट करत होता. असा रोगी आला की त्या त्याचं सगळं अंग तपासायच्या, जादा रक्त घ्यायच्या, काही चाचण्या लगेच करायच्या आणि उरलेलं रक्त खूप थंड पेटीत ठेवायच्या. त्याला संशोधन म्हणतात आणि त्यासाठी आधी परवानगी लागते.

आई ऐकायला तयार नव्हती. "काऊन द्यायचं रगत? आधीच पोरगी पांढरी पडली. आपल्यावर परयोग करून राह्यले, समजत नाई तुले?"

मी कागद दोनदा वाचला. तो तेलुगूत आणि हिंदीत होता. मॅडमनी प्रत्येक ओळ समजावली. परवानगी नाही दिली तरी उपचारात फरक पडणार नाही, हे त्यांनी आईकडे पाहून सांगितलं. मी सही केली. तेव्हा त्या म्हणाल्या, "ही सही तुम्ही रेखाच्या वतीनं करताय. ती शुद्धीवर आली की मी तिला पुन्हा विचारणार. ती नाही म्हणाली तर नाही." मला वाटलं, बोलायची रीत असेल.

त्यानंतर तो पडदा ओढला गेला.

या आजाराचं नेहमीचं औषध डॉक्सिसायक्लिन. ती साधी कॅप्सूल असते. पण रेखा गरोदर, म्हणून अझिथ्रोमायसिन शिरेतून दिलं. सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी ताप उतरला. इतके दिवस जळत असलेलं तिचं कपाळ गार लागलं तेव्हा मी वऱ्हांड्यात जाऊन रडलो. सगळं सुटलं असं वाटलं.

त्याच संध्याकाळी पुन्हा सोनोग्राफी झाली. सोनोग्राफीच्या डॉक्टर मशीन पोटावर फिरवत राहिल्या. इकडे लावून पाहिलं, तिकडे लावून पाहिलं. मशीनमधून नुसती खरखर येत होती. आईनं विचारलं, "आवाज बंद केला का, बाई?" डॉक्टरांनी मशीन पुसून बाजूला ठेवलं.

हा आजार गरोदर बाईच्या रक्तात फार दिवस राहिला की पोटातल्या बाळाला सोसत नाही, असं मला समजावून सांगण्यात आलं. बाळंतपण करावं लागलं. मुलगी होती. आईनं तिला आपल्या मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं. गावी नेऊन नदीकाठी पुरलं. रेखा तेव्हा दवाखान्यातच होती. तिनं मुलीला पाहिलं नाही. पाहायचं का, असं तिला कुणी विचारलंही नाही.

आई परत आली ती खाटेपाशी बसेना. दाराशी उभी राहायची. माधवी मॅडम फेरीवर आल्या तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"खरं सांगजा बाई. म्या बिब्बा लावला म्हनून गेलं का लेकरू?"

आई रडत, भराभर बोलली होती; मॅडमना बिब्ब्याशिवाय यातलं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं. त्या आईला घेऊन दारातल्या पायरीवर बसल्या. त्या काय म्हणाल्या ते मी आईला मराठीत सांगितलं, तसंच इथे लिहितो.

"अम्मा, तुमच्या बिब्ब्यानं काही झालं नाही. तो नुसता कातडीवर होता. तुम्ही डाक्टरांना खरंच सांगत होता. आमच्या लोकांनी बिब्बा हा शब्द ऐकला आणि बघायचं थांबवलं. मला तो शब्द माहीत असता तर मीही थांबले असते."

डॉक्टर लोक असं बोलत नाहीत. निदान आमच्यासारख्यांपुढे मी कधी ऐकलं नव्हतं.  आईनं पदरानं तोंड पुसलं आणि खाटेपाशी येऊन रेखाचे पाय दाबायला बसली.

घरी सोडायच्या दिवशी मॅडम कागद घेऊन खरोखर आल्या. माझ्याशी नाही, रेखाशी बोलल्या. "तुम्ही आजारी असताना नवऱ्यानं सही केली. आता तुम्ही सांगा. उरलेलं रक्त पुढच्या अभ्यासासाठी ठेवू, की नष्ट करू?" रेखा भिंतीकडे बघत राहिली. मी म्हणालो, "ठेवा ना." मॅडमनी हातानं मला थांबवलं. "त्यांना बोलू द्या. घरी जाऊन सांगितलं तरी चालेल."

रेखा त्याबद्दल कित्येक आठवडे काही बोलली नाही. अंगात ताकद यायला वेळ लागला, केस झडले, भाकरी थापताना मधेच टेकून बसायची. शेजारणी म्हणायच्या, "होईन दुसरं, काऊन घाबरते?" ती ऐकून घ्यायची.

कुणाच्या घरी असा ताप आला तर माझं एवढंच सांगणं आहे. अंगावर काय लावलं आणि कुठे लावलं ते सगळं सांगा. पण तेवढ्यावर डॉक्टरला पुढे जाऊ देऊ नका. कपड्याखालचं अंग तपासायला सांगा, लाजू नका. गवतात गेला होता हे आठवणीनं बोला. आणि संशोधनवाले आले तर त्यांना हाकलू नका. सगळं विचारा, मग ठरवा.

परवा भाकरीचा तवा उतरवून रेखा म्हणाली, "मॅडमले लिवा." मी लिहिलं. तेच पत्र खाली देतो.

आदरणीय माधवी मॅडम,

नमस्कार. मराठीत लिहितो आहे, कारण रेखाला वाचून दाखवायचं होतं. आम्ही होतो त्या वॉर्डातल्या एक सिस्टर भीमपूरकडच्या आहेत, त्या तुम्हाला समजावून सांगतील.

रेखा आता चालते-फिरते. शेतात मात्र जात नाही. गवत मी आणतो, पाय झाकून जातो, आणि आल्यावर आई माझे कपडे दाराबाहेरच काढायला लावते. गल्लीत कुणाला ताप आला की ती बिब्बा द्यायच्या आधी माणसाला उभं करून करगोट्याखाली बघते. लोक हसतात. ती बघितल्याशिवाय सोडत नाही. रोग्याला तपासताना तुम्ही जो फॉर्म भरता, त्यावर काळ्या डागाची ओळ आहे. तिच्या शेजारी 'बिब्बा लावला का, आणि नेमका कुठे' असं विचारायला जागा करावी, ही माझी विनंती.

तुम्ही रेखाला जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिनं दिलं आहे. खालची सही तिची आहे. ती बोलली तसंच लिहितो.

"रगत काढलं तवा आमी दोघी होतो. ते माह्या एकटीचं नोतं. तिचं दुसरं काई राह्यलं नाई कुठं. फेकू नका म्हना. ठेवा."