भरपावसात जावळाला निघालेला महादूतात्या

तात्या गेला असा फोन आला, आणि मला हसू फुटलं.

शिव्या घाला. पण आधी पुरतं वाचा.

महादूतात्या निरवांगीचा, मी कळसचा. दोघांचा तालुका इंदापूर, पण ओळख झाली ती थेट रोमानियात. टिमिशोआरा नावाचं शहर आहे, तिथं एकाच साइटवर फरशी बसवायचो, एकाच रूमवर राहायचो.

तात्याचं वय पन्नाशीच्या पुढं. मिशी पांढरीशुभ्र. मी दर सहा महिन्याला काम बदलायची भाषा करायचो, तेव्हा म्हणायचा, "पप्या, तुझ्या पायाला भिंगरी हाय. फरशीवर तरी नीट उभा ऱ्हा."

एका शनिवारी त्याला रेखाचा फोन आला. रडत.

रेखा निरवांगीची लेक, दिलीय कोऱ्हाळ्याला. नवरा संतोष बुखारेस्टला हॉटेलच्या किचनमध्ये, ती तिथंच लॉन्ड्रीत. पोरगं तिकडंच झालं. सोमवारी ते वर्षाचं होणार होतं आणि जावळ वर्षाच्या आत काढायचं होतं.

जावळ म्हटलं की मामाची मांडी लागते. आणि तिच्या सख्ख्या भावाचा व्हिसा रिजेक्ट झालेला.

"तात्या, सासूबाई म्हणत्यात, मामा न्हाय तर जावळ न्हाय."

"मग रडती कशाला? निरवांगीची लेक हाईस तू. आख्खं गाव मामा हाय तुझ्या पोराचा."

फोन ठेवला आणि माझ्याकडं वळला. "पप्या, ट्रिमर घे. मामा मांडी देतो, केस कापत न्हाय. कापायला तू."

(रूमवर सगळ्यांचे केस मीच कापतो. दिसतातच म्हणा!)

रात्रीची रेल्वे पकडली. बाहेर पाऊस असा, की खिडकीतून फक्त पाणीच दिसत होतं.

समोरच्या बर्थवर काळा रुमाल बांधलेली एक तिकडची आज्जी. तात्यानं चपाती आणि शेंगदाण्याची चटणी सोडली आणि तिलाही दिली. आज्जीनं चटणी चमचाभर एकदम तोंडात टाकली.

लालबुंद.

"आज्जे, पाणी पी! पाणी!" तात्या मराठीत ओरडतोय, आज्जी तिच्या भाषेत काहीतरी म्हणतीय. मग शांत झाली आणि तिनं परत हात पुढं केला.

त्यानंतर दोघं आपापल्या भाषेत बोलतच बसले. भांडण झालं नाही, म्हणजे पटलं असणार.

उजाडायच्या आत गाडी थांबली. रुळावर झाड पडलेलं. कंडक्टर आला आणि हातवारे करून सांगायला लागला, सगळे उतरा, चालत झाडाच्या पलीकडं जा, तिकडं दुसरी गाडी येणार आहे.

मी म्हणालो, "झालं. गेलं जावळ."

"गप ए. मामा पोचला न्हाय, असं आमच्यात कधी झालं न्हाय."

आणि त्यानं बॅग उघडली. भाच्याचं अंगडं-टोपडं भिजू नये म्हणून साइटवरची, राडारोडा भरायची काळी प्लास्टिकची रिकामी पोती त्यानं बॅगेत कोंबून आणलेली. एक पोतं घेतलं, तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात सारला आणि आज्जीच्या डोक्यावर ठेवलं.

खोळ! आपल्याकडं युरियाच्या पोत्याची करतात, अगदी तशी.

आज्जी खुश. मग शेजारच्या डब्यातले दोघं आले. मग एक मॅडम. शेवटी कंडक्टरनं स्वतःच्या टोपीकडं बोट दाखवलं.

"ये बाबा, तू बी ये."

मग निघाली वरात. सगळ्यात पुढं तात्या, मागं खोळा घातलेले गोरे लोक, बांधावरून रानात चालल्यागत रुळाच्या कडेनं. पोती संपली, म्हणून तात्या मात्र तसाच भिजत.

पलीकडची गाडी सुटायला लागली. आज्जी चिखलात रुतलेली, तात्या तिचा हात धरून ओढतोय. मी ओरडतोय, "तात्या, सोड की, गाडी चालली!"

"सोडू कशी? म्हातारी हाय ती!"

तेवढ्यात तो कंडक्टर डोक्यावरच्या खोळीसकट दारात पाय रोवून उभा राहिला. दोघं आत आल्यावरच गाडी हलली.

रविवारी दुपारी पोचलो. कोऱ्हाळ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर.

"ह्यो मामा? ह्यो तर पोराचा आजा दिसतोय!"

तात्यानं ओली मिशी पिळली. "मावशी, मिशी पांढरी हाय, पण नात्यानं हिचा भाऊच हाय मी. हिचा बाप माझ्यापेक्षा बारका, तरी भावकीत मला चुलता लागतो. इचारा रेखाला."

रेखा मान हलवते. सासूबाई विचार करतायत. आम्ही सगळे फोनकडं बघत उभे.

"बरं बसा. पण मांडी नीट घाला."

तात्यानं मांडी घातली, पोराला घेतलं. मी ट्रिमर चालू केला. पोरगं दचकलं, त्यानं दोन्ही मुठीत तात्याची मिशी धरली आणि मांडीवर धार सोडली.

मिशी सुटेना. तात्या हलेना. डोळ्यातून पाणी, पण बसून.

"काप पप्या! थांबू नको! जावळ हुंदे आधी!"

कोऱ्हाळ्यात सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांच्या हातातून फोनच पडला.

तात्या या उन्हाळ्यात गावी गेला होता. काल जेवून अंगणात बाजेवर आडवा झाला. सकाळी उठलाच नाही.

मला रेखानं फोन करून सांगितलं. खूप रडली. आणि रडता रडता मधेच म्हणाली, "त्याची मिशी आठवती का रं?" तेव्हा हसू फुटलं. दोघांनाही.

मग म्हणाली, "पोराचं कान टोचायचं ऱ्हायल्यात. त्याला बी मामाची मांडी लागती. तात्या येतो म्हणला हुता."

मी म्हणालो, "अगं, मी कळसचा."

"तालुका एकच हाय न्हवं? हितं तेवढं बास हाय."

पुढच्या महिन्यात मी पोलंडला चाललो होतो. नवीन काम ठरलेलं. एजंटला आत्ताच फोन केला, थांब म्हणालो. भाच्याचे कान टोचायचेत.

तात्या, पोराला मांडी मी देतो.

तू बिनघोर जा.

तुझ्या पप्याचा शेवटचा रामराम.