पान सतरावरचं फाटक

माझ्या मामाला अख्खं विद्यापीठ 'अकरा नंबर' म्हणतं. अकरा नंबरची गाडी, म्हणजे दोन पाय. परीक्षा विभागात शिपाई आहे तो, एकवीस वर्षं झाली, आणि काम काय तर टपाल वाटणं. टेकडीवरच्या प्रयोगशाळांपासून पार खाली कायद्याच्या कॉलेजपर्यंत, सगळं पायी. ऑफिसने एकदा सायकल दिली होती, ती त्याने तीन दिवसांत परत केली. म्हणाला, हिला जिने चढता येत नाहीत.

या शहरात गाडी नसली की तुम्हाला कुणी मोजत नाही. रस्ते गाडीवाल्यांचे, फुटपाथ त्यांच्या गाड्या लावायला, आणि विद्यापीठाच्या बसचं वेळापत्रक बनवणारा माणूस जन्मात कधी बसमध्ये बसला नसणार. पण मामाला विचारा. कुठल्या इमारतीच्या पोटातून गेलं की ऊन लागत नाही, कुठल्या जिन्याला दुपारी कुलूप असतं, चार नंबरची बस खरी किती वाजता येते. नवी पोरं त्याला भर रस्त्यात थांबवायची आणि हा बाबा टपाल काखेत मारून शेवटच्या वळणापर्यंत रस्ता सांगायचा, कधी कधी सोबत चालत जायचा. मग उशीर झाला म्हणून ऑफिसात बोलणी खायची. मी शिकायला आले तेव्हापासून त्याच्याकडेच राहते, त्यामुळे हे सगळं रोज बघितलंय.

मामी मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये भाजी चिरते. चिरायची. तिचा उजवा गुडघा कामातून गेलाय, पण बसून करायचं काम म्हणून निभत होतं. प्रश्न पोहोचायचा होता. बस स्टॉपपासून हॉस्टेलचं मोठं गेट सगळं चढावर, तिच्या चालीने पस्तीस मिनिटं. पण स्टॉपजवळच वनस्पती बागेच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी फाटक होतं. माळी सकाळी सहाला पालापाचोळ्याची ढकलगाडी काढायला ते उघडायचा आणि अर्धा तास तसंच ठेवायचा. मेसच्या सहा बायका तिथून आत शिरायच्या. नऊ मिनिटांत पातेल्यापाशी. परवानगी वगैरे काही नाही, मामाने चौदा वर्षांपूर्वी माळ्याशी बोलून जमवलं होतं, बस्स.

मग विद्यापीठाची 'गाडीशिवाय शहर' समिती निघाली. समितीचे सर स्वतःच्या गाडीतून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले, पुढे गाडी शिरेना म्हणून तिथूनच फोन केला. मामाने रस्ते सांगायचे, मी टाइप करून पाठवायचं, त्याची पुस्तिका होणार. तीन संध्याकाळी मामा स्वयंपाकघरात डोळे मिटून बोलत होता, जणू चालतच होता, आणि माझी बोटं त्याच्या मागून पळत होती. शेवटी मी विचारलं, "आणि माळ्याचं फाटक?"

"ते नको घालू."

"का? हॉस्टेलच्या सगळ्या मुलींना उपयोग होईल की."

"अगं, ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही म्हणून आहे. लिहिलंस की गेलं."

मी बरं म्हटलं. तो हात धुवायला उठला तेवढ्यात चार ओळी टाइप केल्या आणि फाइल पाठवून दिली. मला वाटलं, मामा उगाच घाबरतो, चांगली गोष्ट दडवून काय ठेवायची.

पुस्तिका आली. शेवटच्या पानावर, 'रस्ते सांगितले' या शब्दांपुढे, बारीक अक्षरात मामाचं नाव. बाकीचं कुठलंच पान त्याने उघडलं नाही. तेवढंच एक पान ऑफिसात दाखवलं, शेजारी दाखवलं. माळ्याला तर एक प्रत स्वतः नेऊन दिली.

आठवडाभरात सकाळी सहाला फाटकापाशी चाळीस मुली. कुणी सायकल घेऊन, कुणी फोटो काढत. सुरक्षा अधिकाऱ्याने माळ्याला मेमो दिला, शहराबाहेरच्या रोपवाटिकेत पाठवलं आणि फाटक वेल्डिंग करून टाकलं. मग मामाला बोलावणं आलं. मी मागे मागे गेले.

"पान सतरा," अधिकारी म्हणाला. "हे तुम्हीच सांगितलंत ना? नाव तर तुमचंच आहे."

मामाने चष्मा लावला. बोट ठेवून चारही ओळी वाचल्या. मी तोंड उघडणार तोच त्याने माझ्याकडे न बघता हात आडवा केला.

"हो साहेब. मीच सांगितलं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, मी आत्ता जाऊन खरं सांगते."

"सांगून माळी परत येणार आहे? अजून दोन वर्षं तुला यांच्याच दारात काढायचीत. गप घरी चल."

मेसमध्ये तीनदा उशीर झाला की काम बदलतात. मामीला तिसरा उशीर झाला त्या दिवशी भांड्यांवर टाकलं. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं. मेसच्या बायका तिला म्हणाल्या, भाऊजींना छापून यायची फार हौस बाई. ते तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आम्ही जेवायला बसलो होतो.

"नाव आलं ना छापून?" ती मामाला म्हणाली. "आता तेच उगाळून द्या, लावते गुडघ्याला."

मामा खाली मान घालून जेवत राहिला. मी हातातला घास ताटात ठेवला. "मामी, ते फाटक मी—"

"पाणी दे गं जरा," मामा म्हणाला.

आणि मी पाणी दिलं. उठले, तांब्या आणला, त्याच्या पेल्यात ओतलं, आणि बोलले नाही. आजपर्यंत नाही.

गेल्या महिन्यात समितीच्या सरांचा फोन आला. प्रती संपल्या, नवीन छापतोय, पान सतरा काढलंय, त्या जागी मामांकडे एखादी दुसरी युक्ती आहे का. मी विचारलं. मामा म्हणाला, "नाही. मला एवढंच माहीत होतं."

आता कुणी रस्ता विचारला तर म्हणतो, पुस्तकात बघा. आणि टपाल घेऊन सरळ निघून जातो.

रोज सकाळी तो मामीची पिशवी घेऊन तिच्यासोबत चढ चढतो आणि मग ऑफिसला परत खाली येतो. काल मीही गेले. चढाला लागण्याआधी बंद फाटकापाशी मामी जरा थांबली. मामाने हात पुढे केला, तिने फाटकाचा गज धरला. तेवढ्यात एक नवी मुलगी आली, पाठीवर भलीमोठी बॅग. "काका, हॉस्टेलला जवळचा रस्ता कुठला?"

मामीने मामाकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"हाच, चढाचा," मामा म्हणाला. "दुसरा नाही."