मला कसला थकवा!

२००६ साली मी न्यूझीलंडमधल्या लोअर हटला वृद्धांच्या वॉर्डात नर्स होते. रुग्णांची दुःखं झेलून थकलेल्या स्टाफसाठी हॉस्पिटलनं एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं, तेव्हा मला वाटलं, हे बाकीच्यांसाठी असणार. मी पुण्याची, मला कसला थकवा!

तिथं आमच्या जोड्या लावल्या. एकीनं मनातलं बोलायचं, दुसरीनं सल्ला न देता नुसतं ऐकायचं. माझ्या वाट्याला वॉर्डातलीच एक वयस्कर माओरी नर्स आली. तिला झोप लागत नव्हती. तिचं दुसरं वाक्य संपायच्या आत मी हळदीचं दूध, प्राणायाम आणि मावशीचं तेल सुचवून मोकळी झाले.

ती हसली. "आता तू बोल."

"मी? मी स्वीट अ‍ॅज! एकदम मजेत!" असं तिथल्या भाषेत म्हणत, केवळ वेळ भरायला, मी परवा वॉर्डात वारलेल्या एका आजोबांचं सांगायला घेतलं. ते माझ्याकडून मराठी आकडे शिकत होते. सातापर्यंत आले होते. 'आठ' म्हणताना माझा आवाजच फुटेना. मग हुंदके, वाहणारं नाक, सगळंच आलं. ती नुसती माझा हात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच रजा मागितली.

"हुश्श," आमची इन्चार्ज म्हणाली, "मागितलीस बाई एकदाची!"