पपनसाच्या साली आणि माझी बातमी

जन्मभर बातमीदारी केली की किस्से साचतात. मामलेदारांचे, कंत्राटदारांचे, पुढाऱ्यांचे. ते मी चारचौघांत चढ्या आवाजात सांगतो. रेवदंड्याच्या या किश्श्यात मात्र गाढव मीच आहे, म्हणून आजवर गिळून बसलो होतो.

*

सदतीस-अडतीस सालची गोष्ट. रेवदंड्याच्या शाळेतले सायन्सचे भास्करमास्तर गणपतीत घरोघर फिरून पपनसाच्या टाकलेल्या साली मागायचे.

“मास्तर, गाय घेतलीत काय?” एका वाडीवाल्यानं विचारलं.

“नाही. खलाशी आहेत.”

इब्राहिम नाखव्याचं गलबत पार इराकात, बसऱ्याला जायचं. महिनोन्महिने ताजं फळ नाही. खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे. मास्तर म्हणत, सालीत व्हिटॅमिन सी आहे. मिठात मुरवून न्या. नाखवा म्हणाला, “मोजून दाखवा, पिंपभर नेतो.”

*

मोजायची रीत सोपी. भांड्यात निळं औषध, त्यात सालीचा अर्क थेंब थेंब सोडायचा. निळा रंग लवकर उडाला तर व्हिटॅमिन भरपूर.

मी वही घेऊन बसलो, शेजारी नाखवा. पन्नास थेंब झाले, शंभर झाले. निळं ते निळंच.

“मास्तर, ह्यो तर समिंदर हाय,” नाखवा म्हणाला.

मी पोट धरून हसलो आणि त्याच दिवशी मुंबईला बातमी धाडली. मथळाही माझाच: ‘मास्तरांच्या सालीत नुसती साल.’

*

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. उष्ट्या साली मास्तरांना कशा द्यायच्या, म्हणून वाडीतल्या बायकांनी त्या तांब्याच्या हंड्यात खळखळून उकळल्या होत्या. आच आणि तांबं, दोन्ही या व्हिटॅमिनचे वैरी.

“उष्टं द्यायाचं व्हय मास्तरांना?” त्यांच्यातली जनाक्का उलट मास्तरांवरच डाफरली.

मास्तरांनी कच्ची साल घेतली. आठव्या थेंबाला निळं उडालं.

“एक दिवस थांबला असतात,” मास्तर मला म्हणाले. एवढंच.

*

तोवर बातमी छापून आली होती. मुंबईला संपादकांकडे दुरुस्ती घेऊन गेलो. ते चहा पीत होते.

“सालीसाठी माफी? उद्या लोक आपलं वाचतील का?”

कलेक्टरशी तोंडावर भांडणारा मी. त्या दिवशी “बरं” म्हणून जिना उतरलो.

*

नाखवा पिंपाशिवाय गेला. मास्तर बंदरावर जाऊन विनवून आले होते, पण छापलेल्यापुढे त्यांचं कोण ऐकणार?

वैशाखात गलबत परतलं. हसन नावाच्या खलाशाला दोघांनी उचलून उतरवलं. नाखव्याचे पुढचे दोन दात गेले होते.

“असं कसं झालं?” मी विचारलं. मला ठाऊक असून विचारलं.

“पेपरात आलं होतं ना, साहेब. मी मुल्लाजींकडनं दोनदा वाचून घेतलं.”

*

पुढच्या गणपतीत साली मागत मी फिरलो. जनाक्कानं विचारलं, “आता तुमी पण?” मी टोपली पुढे केली. मास्तरांनी साली मुरवून, पुन्हा मोजून दिल्या. टोपली घेऊन बंदरावर गेलो.

नाखव्यानं टोपलीतली एक फोड काढून माझ्यापुढे धरली. “आधी तुमी खावा.”

सगळे खलाशी बघत होते. हसनही होता, दोरखंडावर बसलेला. मी चावून चावून खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं.

“कसं लागतं?”

“कडू.”

“हे खरं बोललात,” नाखवा म्हणाला, आणि टोपली उचलून त्यानं गलबतावर दिली.