राखमामांची जीभ

राखमामा भित्रे होते आणि ते कुणापासून लपवत नसत. कळमनुरीकडे कापसाच्या पऱ्हाट्या आणि भुसकट जाळून वीज करणाऱ्या आमच्या कारखान्यात ते बॉयलरचे जुने फिटर. रोज सकाळी बॉयलरखालची गार राख चिमटीत घ्यायची, जिभेला लावायची, थुंकायची आणि मगच चहा. मी शिकून आलेली तपासनीस, मला किळस यायची. "मी भितो म्हून जित्ता हाय, माय," ते म्हणत.

वाफेच्या नळ्या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या होत्या, अगदी नव्या. असा धातू तापला की दुधावर साय धरावी तसा त्यावर पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो. क्लोरीन मात्र त्या सायीखाली शिरून धातू खातो. हे मला पुस्तकामुळे ठाऊक होतं, मामांना जिभेमुळे. राख खारट लागली की त्यांचा चेहरा उतरायचा.

त्या हंगामात पऱ्हाट्यांच्या गाड्यांतून शेतातल्या फुटक्या पीव्हीसी पाइपांचे तुकडे येऊ लागले. पीव्हीसीत क्लोरीन असतो हे माहीत असूनही मी म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय, जळू द्या. मामांनी दोनदा अडवलं. मग बॉयलर बंद असताना मी नळ्यांची जाडी मोजून ती पुरेशी भरतेय हे दाखवलं. ते म्हणाले, "तुझं मशीन बराबर हाय. पर जिथं लावलं तिथलंच सांगतं ते." तरी मी बॉयलर पेटवायच्या कागदावर सही केली.

बॉयलर पेटल्यावर चौथ्या सकाळी मामा वर जाणाऱ्या शिडीपाशी हात पसरून उभे. वरची माणसं त्यांनी आधीच खाली उतरवली होती. राख निव्वळ मीठ लागतेय, बॉयलर थांबव, म्हणाले. मी चिडले आणि त्यांना बाजूला सारू लागले. ते हलेनात.

"न्हाई जाऊ देत. मला लई भेव वाटून राहिलं."

तेवढ्यात वर नळी फुटली. वाफेच्या त्या आवाजात मी किंचाळले, ते मलाच ऐकू आलं नाही.

नंतर कापून पाहिली, तर नळी कागदासारखी पातळ झाली होती, मी मोजलेल्या जागेपासून जेमतेम वीतभर अंतरावर. मामांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे ते हट्टा गावी आपल्या घरी गेले. मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा अंथरुणावरून त्यांनी एवढंच विचारलं, "चाखतीस ना?" मी मान डोलावली.

आता मामा नाहीत. पाइपांचे तुकडे मी स्वतः उभी राहून वेचून काढायला लावते आणि रोज सकाळी राख जिभेला लावते. खारट लागली तर बॉयलर थांबवते. नाही लागली, तर त्या दिवशी जास्त भीती वाटते. जीभ माझी आहे, मामांची नाही.